खोट्या वेबसाइटवरची एकच खरी गोष्ट

अमेरिकेच्या कॅन्सस राज्याच्या नैर्ऋत्य टोकाला एल्कहार्ट नावाचे गाव आहे. वस्ती दोन हजारांच्या आत, भोवती गहू आणि ज्वारीची शेती. तिथल्या शेतकऱ्यांची हार्टलँड ट्राय-स्टेट बँक 28 जुलै 2023 रोजी बंद पडली. बँकेचा मुख्य अधिकारी शॅन हेन्स याने मे महिन्याच्या अखेरीपासून जुलैच्या पहिल्या आठवड्यापर्यंत, जेमतेम सहा आठवड्यांत, बँकेचे 4 कोटी 71 लाख डॉलर बाहेर पाठवले होते. त्या पैशांतून क्रिप्टोचलन घेतले गेले आणि ते एका बनावट गुंतवणुकीत गेले. गावच्या चर्चचे 40 हजार डॉलर, स्थानिक गुंतवणूक मंडळाचे 10 हजार आणि स्वतःच्या मुलीच्या शिक्षणासाठी साठवलेले 60 हजार डॉलरही त्याने त्याच खड्ड्यात घातले होते. ऑगस्ट 2024 मध्ये न्यायालयाने त्याला 24 वर्षे 5 महिन्यांची शिक्षा सुनावली.

हेन्सने गावाचे पैसे चोरले, आणि ते चोरून तो स्वतःही लुबाडला गेला. इतरांची कर्जप्रकरणे तपासण्यात ज्याची हयात गेली, त्याला स्वतःच्या पैशांबाबत साधा संशय येऊ नये, हे मला या प्रकरणातले सर्वांत अस्वस्थ करणारे वाटते. आधीचे पैसे सोडवायचे तर आणखी भरा, असे त्याला पुन्हा पुन्हा सांगितले जात होते. शेवटी त्याने ओळखीच्या एका ग्राहकाकडे 1 कोटी 20 लाख डॉलर उसने मागितले. त्या गृहस्थाने ही फसवणूक आहे असे तोंडावर सांगितले आणि गोष्ट बँकेच्या संचालकांच्या कानावर घातली. तोपर्यंत बँक रिकामी झाली होती.

या फसवणुकीची रीत आता जगभर सारखीच झाली आहे. व्हॉट्सअॅपवर किंवा टेलिग्रामवर अनोळखी व्यक्तीचा निरोप येतो, गप्पा वाढतात, काही आठवड्यांनी गुंतवणुकीचा विषय निघतो. मग एका वेबसाइटचा दुवा मिळतो. तिथे भावांचे आलेख हलत असतात, आपल्या नावाचे खाते असते, त्यातली रक्कम रोज वाढताना दिसते. सुरुवातीला थोडे पैसे काढूही देतात, कारण त्या एका अनुभवाने माणूस पुढच्या दहा शंका गिळतो. मोठी रक्कम भरली की मात्र काढण्यासाठी आधी ‘कर’, मग ‘पडताळणी शुल्क’, मग ‘अनामत’ मागितली जाते. अमेरिकेच्या एफबीआयकडे 2024 या एका वर्षात क्रिप्टो-गुंतवणुकीच्या फसवणुकीत सुमारे 5.8 अब्ज डॉलर गेल्याच्या तक्रारी आल्या. ही फक्त तक्रार करणाऱ्यांची बेरीज आहे.

अशा वेबसाइटचा तपास कसा होतो हे समजून घेताना एक गोष्ट ध्यानात धरली की बाकीचे सोपे होते. त्या वेबसाइटवरचे सारे काही खोटे असू शकते. कंपनीचे नाव, पत्ता, संचालकांचे फोटो, परवाना, आलेख, ग्राहकांचे अभिप्राय, तुमच्या खात्यातली रक्कम, सगळे. फक्त एक गोष्ट खोटी असून चालत नाही, ती म्हणजे पैसे ज्या पत्त्यावर पाठवायला सांगितले आहे तो पत्ता. तो खोटा असेल तर चोराच्या हाती काहीच लागणार नाही. तपास अखेर या एकाच खऱ्या गोष्टीवर उभा राहतो.

पण तपासणारा सुरुवात बाहेरून करतो. वेबसाइटचे नाव, म्हणजे डोमेन, कुठल्या तरी नोंदणीदाराकडून घ्यावे लागते आणि ते कोणत्या दिवशी घेतले याची नोंद कोणालाही मोफत पाहता येते. युरोपातला खासगी माहितीच्या संरक्षणाचा कायदा 2018 मध्ये लागू झाल्यापासून मालकाचे नाव बहुतेक वेळा झाकलेले असते, तारीख मात्र दिसते. ‘2014 पासून ग्राहकांच्या सेवेत’ असे पहिल्या पानावर लिहिलेल्या वेबसाइटचे डोमेन सात आठवड्यांपूर्वीचे निघाले, तर पुढे फारसे शोधावे लागत नाही. दुसरी नोंद सुरक्षा प्रमाणपत्रांची. ब्राउझरमध्ये कुलपाचे चिन्ह दिसावे म्हणून प्रत्येक वेबसाइटला असे प्रमाणपत्र घ्यावे लागते, आणि दिलेल्या प्रमाणपत्रांची यादी सार्वजनिक नोंदवहीत चढते. ते कुलूप पाहून लोक निर्धास्त होतात. त्याचा अर्थ एवढाच, की तुमच्या आणि त्या वेबसाइटच्या मधला संवाद तिसऱ्याला वाचता येत नाही. समोर बसलेला प्रामाणिक आहे की नाही, याच्याशी त्या कुलपाचा काही संबंध नाही.

नावांची गंमत पाहण्यासारखी आहे. नोव्हेंबर 2022 मध्ये अमेरिकेच्या न्याय विभागाने सात डोमेन जप्त केली. ‘सिंगापूर इंटरनॅशनल मॉनेटरी एक्स्चेंज’ या बाजाराची नक्कल करून ती बनवलेली होती आणि त्यांच्यामार्फत अमेरिकेतल्या पाच जणांचे मिळून 1 कोटी डॉलरहून अधिक गेले होते. ज्या बाजाराचे नाव वापरले, तो बाजार 1999 मध्येच सिंगापूरच्या शेअर बाजारात विलीन झाला होता. तेवीस वर्षांपूर्वी अस्तित्व संपलेल्या संस्थेच्या नावावर लोकांनी पैसे भरले! नाव भारदस्त वाटले, ओळखीचे वाटले, आणि ते हयात आहे का हे कोणी पाहिले नाही.

परवान्यांचेही तसेच. अमेरिकेच्या अर्थखात्याकडे पैशांची देवघेव करणाऱ्या कंपन्यांना नोंदणी करावी लागते; ती नोंदणी म्हणजे शिफारस नव्हे, असे ते खाते स्वतःच सांगते. तरी त्या नोंदणीचा कागद ‘अमेरिकी सरकारचा परवाना’ म्हणून झळकवला जातो. ब्रिटनमध्ये तर अगदी अलीकडेपर्यंत ओळख न पडताळता थोडक्या पौंडांत कंपनी स्थापता येत होती. ऑस्ट्रेलियात 2025 मध्ये तिथल्या नियामकाच्या अर्जावरून न्यायालयाने 95 कंपन्या गुंडाळायचा आदेश दिला. त्यांतल्या बऱ्याच कंपन्या अशाच फसव्या वेबसाइटना आणि अॅपना अस्सलपणाचा मुलामा देण्यासाठी नोंदल्या गेल्या होत्या. आपल्याकडची गोष्ट त्याहून सोपी आहे. क्रिप्टोचलनाच्या खरेदी-विक्रीला सेबी किंवा रिझर्व्ह बँक परवाना देतच नाही. त्यामुळे एखाद्या क्रिप्टो-वेबसाइटवर ‘सेबीमान्य’ असे लिहिलेले दिसले, तर तो मजकूरच फसवणुकीचा पुरावा समजावा.

एक वेबसाइट बंद केली की तिच्या जागी दुसरी उगवते. जत्रेतला तंबू एका गावाहून उठून पुढच्या गावी लागतो, कापड तेच आणि पाटी तेवढी नवी, तसे हे आहे. तपासणारे त्यामुळेच कापड ओळखायला शिकतात. पानाच्या मागची संगणकीय रचना, चित्रांची नावे, गप्पांच्या खिडकीला दिलेला ग्राहक क्रमांक, भेट देणाऱ्यांची मोजणी करणाऱ्या सेवेचा क्रमांक, त्याच सर्व्हरवर राहणारी इतर डोमेन, यांतले काहीतरी आळसाने तसेच राहून गेलेले असते. त्या एका धाग्यावरून कधी कधी पन्नास भावंडे सापडतात. ऑस्ट्रेलियाच्या नियामकाने जुलै 2023 पासूनच्या एका वर्षात 7,300 हून अधिक फसव्या वेबसाइट उतरवल्या. त्यांतल्या साडेपाच हजार बनावट गुंतवणुकीच्या होत्या. हे काम आवश्यक आहे, पण केवळ वेबसाइट उतरवून पैसे परत मिळत नाहीत. त्यासाठी पैशांच्या मागे जावे लागते.

इथे क्रिप्टोचलनाबद्दलचा एक रूढ समज बाजूला ठेवायला हवा. हे चलन गुप्त आहे, त्याचा माग लागत नाही, असे चोरही मानतात आणि फसलेलेही. वस्तुस्थिती उलटी आहे. बिटकॉइन, इथेरियम, ट्रॉन यांच्या खातेवह्या जगासमोर उघड्या असतात. कोणत्या पत्त्यावरून कोणत्या पत्त्यावर, किती, कोणत्या क्षणी गेले, हे घरबसल्या कोणालाही वाचता येते. नोंद पुसता येत नाही, खाडाखोड करता येत नाही. प्रत्येक व्यवहाराला चौसष्ट अक्षरांचा स्वतंत्र क्रमांक असतो. झाकलेले असते ते फक्त पत्त्यामागचे माणसाचे नाव.

ते नाव कसे उकलायचे याचा पाया 2013 मध्ये सारा माइकलजॉन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या संशोधनाने पक्का केला. बिटकॉइनच्या एकाच व्यवहारात अनेक पत्त्यांवरची रक्कम एकत्र खर्च झाली, तर त्या साऱ्या पत्त्यांच्या गुप्त किल्ल्या बहुधा एकाच हातात असणार, हे तर्काने कळते. त्यांनी या तर्काने पत्त्यांचे गट पाडले. मग निरनिराळ्या सेवांशी स्वतः छोटे व्यवहार करून कोणता गट कोणत्या सेवेचा, हे ओळखले. आज मोठ्या तपासकंपन्यांची साधने याच वाटेने पुढे गेली आहेत.

फसव्या वेबसाइटवर मात्र आता बिटकॉइनपेक्षा टेथर या चलनाचा सुळसुळाट आहे, तेही बहुधा ट्रॉनच्या जाळ्यावर. टेथरचा भाव एका डॉलरला बांधलेला, त्यामुळे चोराला भाव पडण्याची धास्ती नाही. ट्रॉनवरचा पत्ता इंग्रजी टी अक्षराने सुरू होतो आणि चौतीस अक्षरांचा असतो. समजा एका माणसाने अशा पत्त्यावर 20 हजार टेथर पाठवले. तपासणारा खातेवहीत पाहतो, तर काही मिनिटांत ती रक्कम पुढच्या पत्त्यावर सरकलेली असते, तिथून तिसऱ्या. तिसऱ्या पत्त्यावर आणखी तीस ठिकाणांहून पैसे येऊन मिळालेले दिसतात. त्या तीस पत्त्यांपैकी प्रत्येक म्हणजे बहुतेक एकेक फसलेला माणूस, कुणी टोरांटोतला, कुणी ठाण्यातला. एकमेकांना न ओळखणारी ही माणसे खातेवहीच्या त्या पानावर पहिल्यांदा एकत्र दिसतात.

यातली एक बारीक युक्ती मला फार आवडते. ट्रॉनवरून टेथर पुढे पाठवायचे तर थोडे शुल्क ट्रॉनच्या स्वतःच्या चलनात भरावे लागते. फसलेला माणूस पाठवतो फक्त टेथर. मग त्या पत्त्यावरून पैसे हलवण्याआधी चोराला तिथे शुल्कापुरते ट्रॉन आणून टाकावे लागतात. शेकडो पत्त्यांना ही चिल्लर पुरवणारे वॉलेट, म्हणजे क्रिप्टोचलनाचे पाकीट, बहुधा एकच असते. लाखो डॉलर वेगवेगळ्या वाटांनी फिरवून लपवणारी टोळी या चार पैशांच्या शुल्काने एका सूत्रात बांधली जाते. तपासणारे मोठ्या रकमेबरोबर ही चिल्लर कुठून आली तेही पाहतात.

पैसे शेवटी कुठे तरी रोख व्हावे लागतात. त्यासाठी ते एखाद्या एक्स्चेंजमध्ये, म्हणजे क्रिप्टोचलनाच्या खरेदी-विक्रीच्या बाजारात, जातात, आणि तिथे खाते उघडताना ओळखपत्र द्यावे लागलेले असते. खातेवहीतला माग इथे थांबतो आणि न्यायालयाचा कागद सुरू होतो. पोलीस एक्स्चेंजला विचारतात: या पत्त्याचा खातेदार कोण, कोणत्या इंटरनेट पत्त्यावरून तो आत येतो, पैसे कुठल्या बँकेत गेले? नियम पाळणारे एक्स्चेंज उत्तर देते. न पाळणारीही बरीच आहेत, आणि त्यांच्या आडोशाने हा धंदा चालतो. कंबोडियातल्या हुइओन या आर्थिक व्यवहार करणाऱ्या समूहातून 2021 ते 2025 या काळात किमान 4 अब्ज डॉलरचा काळा पैसा फिरला, असे अमेरिकेच्या अर्थखात्याचे म्हणणे आहे.

टेथरबाबत तपासाला आणखी एक हत्यार मिळते. ते चलन एका कंपनीचे असल्यामुळे, कंपनी ठरवील तो पत्ता गोठवू शकते. पत्त्यावर रक्कम दिसत राहते, पण हलत नाही. जून 2025 मध्ये अमेरिकेने अशाच फसवणुकींतून जमलेल्या 22 कोटी 53 लाख डॉलरच्या टेथरवर न्यायालयात दावा लावला. त्या मागावर चारशेहून अधिक संशयित पीडितांचे पैसे सापडले होते. एल्कहार्टच्या बँकेचेही 80 लाख डॉलर केमन बेटांतल्या टेथरच्या खात्यातून परत आले आणि भागधारकांना मिळाले. गोठवणे हे सारे वेळेवर अवलंबून आहे. पैसे पत्त्यावर आहेत तोवरच ते गोठतात.

जप्त केलेले क्रिप्टोचलन सांभाळणे हाही तपासाचाच भाग आहे आणि तो आपण महाराष्ट्रात महागात शिकलो. गेनबिटकॉइन या क्रिप्टो-योजनेच्या घोटाळ्यात पुण्यात 2018 मध्ये गुन्हे नोंदले गेले. त्या तपासात मदतीला घेतलेल्या दोन तज्ज्ञांना मार्च 2022 मध्ये पुणे पोलिसांनीच अटक केली. आरोपींच्या वॉलेटमधले चलन त्यांनी परस्पर वळवले, असा त्यांच्यावरचा आरोप आहे. ज्याच्याकडे किल्ली त्याचे चलन, हा या क्षेत्राचा नियम. मग किल्ली पोलिसांच्या वतीने कोण हाताळते, कोणाच्या देखत, कोणत्या नोंदीसह, याची कडक पद्धत हवीच.

काही योजनांत मागोवा घ्यायला खातेवहीच नसते. बल्गेरियातून निघालेले वनकॉइन हे त्याचे सर्वांत मोठे उदाहरण. जगभरातून सुमारे 4 अब्ज डॉलर गोळा केलेल्या या ‘चलना’ला उघडी खातेवही नव्हती. 2016 मध्ये नॉर्वेच्या ब्योर्न ब्येरके या तज्ज्ञाला या कंपनीसाठी ब्लॉकचेन, म्हणजे अशी खातेवही, बनवण्याची नोकरी देऊ केली गेली, तेव्हा त्याच्या लक्षात आले की विकले जाणारे चलन मुळात अस्तित्वातच नाही. त्याने ते जाहीरपणे सांगितले. एप्रिल 2017 मध्ये नवी मुंबई पोलिसांनी नेरूळमध्ये वनकॉइनच्या मेळाव्यावर छापा घालून अठरा जणांना पकडले होते. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये संस्थापक रुजा इग्नातोवा बेपत्ता झाली. आपल्या पोलिसांनी छाप्याची ही कारवाई जगातल्या अनेक यंत्रणांच्या आधी केली, याची नोंद राहायला हवी. कोणतेही नवे नाणे समोर आले तर ‘खातेवही कुठे वाचायची?’ हा प्रश्न विचारावा. उत्तरात फक्त त्या कंपनीच्या वेबसाइटचे नाव मिळाले, तर पैसे द्यायचे नाहीत.

पत्त्याचा उपयोग मागे वळून पाहण्यापुरता नाही. एफबीआयने जानेवारी 2024 मध्ये ‘ऑपरेशन लेव्हल अप’ नावाची मोहीम सुरू केली. फसव्या वेबसाइटचे पत्ते हाती आले की त्यांवर आज कोण पैसे पाठवत आहे हे पाहायचे, एक्स्चेंजच्या मदतीने त्या माणसाचे नाव शोधायचे आणि त्याला फोन करायचा. पहिल्या वर्षात चार हजार तीनशेहून अधिक लोकांना असे गाठले. त्यांतल्या 76 टक्के लोकांना आपण फसवले जात आहोत याची कल्पनाच नव्हती. काहींना आत्महत्येच्या विचारातून बाहेर काढण्यासाठी समुपदेशकांकडे सोपवावे लागले. फसवणुकीच्या तपासात मी वाचलेले हे सर्वांत माणुसकीचे काम आहे, आणि आपल्या राज्याच्या सायबर पोलिसांनी ते उचलावे असे मनापासून वाटते.

माणुसकीचा विचार इथेच थांबत नाही. वेबसाइटच्या पलीकडे जो गप्पा मारत असतो तोही अनेकदा कैदी असतो. म्यानमारमध्ये किमान एक लाख वीस हजार आणि कंबोडियात सुमारे एक लाख लोक फसवणुकीच्या केंद्रांत सक्तीने राबत असावेत, असा अंदाज संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने 2023 मध्ये मांडला. नोकरीच्या जाहिरातीला भुलून थायलंडला गेलेली मुले सीमेपलीकडे नेली जातात, पासपोर्ट काढून घेतला जातो आणि रोज ठरावीक सावजे गाठायची सक्ती होते. मार्च 2025 मध्ये भारतीय हवाई दलाच्या विमानांनी दोन दिवसांत 549 भारतीयांना तिथून परत आणले. म्हणून गप्पांमधल्या त्या ‘तिला’ किंवा ‘त्याला’ पकडून टोळी संपत नाही. मालकापर्यंत पोचण्याचा रस्ता पुन्हा पैशांच्या पत्त्यावरूनच जातो.

भारतात बहुतेक फसलेली माणसे थेट क्रिप्टोचलन पाठवतच नाहीत. वेबसाइट त्यांना एका बँक खात्याचा क्रमांक किंवा यूपीआय आयडी देते, आणि प्रत्येक वेळी खातेदाराचे नाव वेगळे असते. ही भाड्याने घेतलेली खाती असतात. गरजू विद्यार्थी, बेकार तरुण थोड्या कमिशनवर आपले खाते वापरायला देतात आणि पुढे गुन्ह्यात अडकतात. त्या खात्यांतून पैसे फोडून काही तासांत त्यांचे टेथर होते. आपल्यासाठी वेबसाइटवरची एकमेव खरी गोष्ट म्हणजे तो खाते क्रमांक. कोणत्याही नावाजलेल्या एक्स्चेंजचे पैसे एखाद्या अनोळखी माणसाच्या बचत खात्यात जात नाहीत. त्या क्षणी थांबलात तर काहीच गेलेले नसते.

आणि गेले असतील, तर लाज बाळगून दिवस घालवू नका. बँक चालवणारा माणूसही यात फसला आहे. 1930 या क्रमांकावर लगेच फोन करा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. ज्या खात्यात किंवा पत्त्यावर पैसे पाठवले तो खाते क्रमांक किंवा पत्ता अक्षर न अक्षर लिहून ठेवा. छायाचित्रासोबत मजकूर म्हणूनही जपा, कारण चौतीस अक्षरांतले एक चुकले तरी माग तुटतो. व्यवहाराचा क्रमांक, तारीख, वेळ, वेबसाइटचे पूर्ण नाव आणि तुम्हाला आलेले फोन नंबर सोबत द्या. ‘तुमचे बुडालेले पैसे काढून देतो’ म्हणून जो स्वतःहून संपर्क साधेल आणि आधी फी मागेल, त्याला एक रुपयाही देऊ नका; तो बहुधा त्याच टोळीचा असतो किंवा तिच्याकडून तुमचे नाव विकत घेतलेला. आणि रागाच्या किंवा शरमेच्या भरात ते चॅट पुसू नका. पोलिसांना त्याचीच गरज पडणार आहे.